एका उंच टोपीची कुळकथा

गेल्या दिवाळींत आमच्या घरच्या मुलांनीं जादूचे प्रयोग करावयाचें ठरविलें. तिकिटाचा दर एक बेसनाचा लाडू, प्रेक्षक घरचेच वीसपंचवीस, आणि जादूगार आमचा दहा वर्षांचा नातू. पत्ते, रुमाल, काठी अशी सर्व सिद्धता झाली. परंतु जादूगाराला टोपी हवी होती, आणि तीही चित्रांत असते तशी उंच, काळी, चकचकीत, जिच्यांतून ससा निघतो ती. असली टोपी आमच्या घरांत कोठून असणार? तेव्हां स्वारीची दृष्टि माळ्यावरच्या लाकडी पेटीकडे वळली. त्या पेटींत आमच्या पणजोबांची लाल पगडी ठेविलेली आहे. "ती द्या, तिच्यांतून ससा काढतों," असें त्यानें म्हणतांच घरांत एकच गहजब झाला. आमच्या काकूंचें वय आज ऐंशीच्या पुढें आहे. त्या म्हणाल्या, "अरे, पगडी म्हणजे काय खेळणें वाटलें तुला? ती डोक्यावर असल्याशिवाय त्यांनीं कधीं घराचा उंबरठा ओलांडला नाहीं!" नातवानें क्षणभर विचार केला आणि विचारलें, "पण आजी, ती जादूची टोपीसुद्धां पूर्वीं कोणाच्या तरी आजोबांची खरी टोपीच असेल ना? मग त्यांच्या टोपींतून ससा निघालेला चालतो, आणि आपल्या टोपींतून कां नाहीं?"

शेवटीं पुठ्ठ्यास काळा कागद चिकटवून टोपी झाली, प्रयोगही झाला, आणि ती टोपी पाहून काकू म्हणाल्या, "हा तर नुसता उपडा घातलेला टोप!" सर्व मंडळी हंसली. परंतु मुलाचा प्रश्न आमच्या मनांतून जाईना. मस्तकावर मिरविण्याची वस्तु खेळण्यांत जमा कधीं होते, आणि झाली तर त्यांत तिचा अपमान होतो काय? याचें उत्तर शोधण्यासाठीं आम्हीं त्या उंच टोपीचीच, इंग्रजींत जिला टॉप हॅट म्हणतात तिची, कुळकथा धुंडाळली. ती जितकी मनोरंजक तितकीच विचार करावयास लावणारी निघाली, म्हणून वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शब्दाचा विचार करूं. काकूंच्या विनोदांत वाटतें त्याहून अधिक तथ्य आहे. मराठींत टोप म्हणजे योद्ध्याचें शिरस्त्राण, आणि टोप म्हणजे स्वयंपाकघरांतलें भांडेंही. टोपी आणि तान्ह्या बाळाचें टोपडें हीं त्यांचींच भावंडें. इंग्रजी 'टॉप' म्हणजे शेंडा, वरचा भाग. दोन्ही शब्दांचा ध्वनि जुळतो म्हणून त्यांस एका मातेचीं लेंकरें मानण्याचा मोह होतो. पण केवळ उच्चारसाम्यावरून सोयरीक जुळविणें बरें नव्हे. टोपीचा आणि गोऱ्या लोकांचा संबंध मात्र आपल्या भाषेनें फार पूर्वींच जोडलेला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभींच्या आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं युरोपियन व्यापाऱ्यांस 'टोपीकर' म्हटलें आहे. पागोट्यांच्या देशांत आलेल्या परक्या माणसाची पहिली खूण त्याच्या डोक्यावर दिसली, आणि तेंच त्याचें नांव झालें. ही उंच टोपी तेव्हां जन्मासही आली नव्हती, हें लक्षांत ठेवावें.

ती जन्मास आली तेव्हां निरनिराळ्या लोकांनीं तिला जीं नांवें दिलीं त्यांत आदर कमी आणि थट्टा अधिक दिसते. इंग्रज तिला 'चिमणी-पॉट' म्हणजे धुराड्याचें बोळकें म्हणत, तर अमेरिकन 'स्टोव्हपाइप' म्हणजे शेगडीची धूरनळी. जर्मनांनीं 'त्सिलिंडर' म्हणजे सरळ नळकांडेंच म्हणून टाकलें, आणि रशियन व इटालियन लोकांनींही तोच शब्द आपापल्या उच्चारानें घेतला. फ्रेंचांनीं 'ओ-द-फॉर्म', उंच घडणीची, असें थोडें सभ्य नांव ठेविलें. जपान्यांनीं इंग्रजी 'सिल्क हॅट' उचलून 'शिरुकुहात्तो' केलें. पोर्तुगीज भाषेंत ती 'कार्तोला' झाली. आणि ब्राझील देशांत आज फुटबॉलच्या संघांचे जे बडे कारभारी असतात त्यांस 'कार्तोला' असेंच म्हणतात. त्यांच्यापैकीं कोणी ती टोपी घालीत नाहीं. टोपी गेली, पण तिच्याखालचा तोरा शब्दांत शिल्लक राहिला!

या टोपीचा जन्म अठराव्या शतकाच्या अखेरीचा. तत्पूर्वीं युरोपांतील संभावित पुरुष कृत्रिम केंसांचा टोप घालून त्यावर पांढरी पूड मारीत, आणि वर तीन कोनांची हॅट ठेवीत. फ्रान्समध्यें १७८९ सालीं राज्यक्रांति झाली आणि सरदारी थाटाचा पोशाख धोक्याचा ठरला. इंग्लंडांत १७९५ सालीं केंसांच्या पुडीवर वर्षाला एक गिनी कर बसला, तेव्हां पुष्कळांनीं पूडही सोडली आणि केंसांचा टोपही सोडला. मोकळ्या झालेल्या मस्तकांवर घोडदौडीच्या वेळीं घालावयाची साधी गोल हॅट आली, आणि ती हळूहळू उंच होत गेली. येथें एक आख्यायिका सांगतात. १७९७ सालच्या जानेवारींत हेदरिंग्टन नांवाचा टोपीवाला ही उंच रेशमी टोपी घालून लंडनच्या रस्त्यावर निघाला. तिला पाहून बायका मूर्च्छित पडल्या, मुलें किंचाळलीं, आणि शांततेचा भंग केल्याबद्दल त्याला न्यायाधीशापुढें उभें केलें. ही गोष्ट शंभर वर्षांनंतर छापली जाऊं लागली, आणि इतिहासकार तिला खरी मानीत नाहींत. परंतु जी वस्तु पुढें प्रतिष्ठेचें लक्षण ठरते ती प्रथम चमत्कारिकच दिसते, एवढें सत्य तिच्यांत आहे.

आतां ती कशाची करीत तें पाहूं, कारण खरी कथा तेथेंच आहे. आरंभीं उत्तम टोपी बीव्हर नांवाच्या प्राण्याच्या केंसांपासून करीत. हा उत्तर अमेरिकेंत नद्यांना बांध घालून राहणारा प्राणी. त्याच्या आंतल्या मऊ लवेला सूक्ष्म कांटे असतात. त्यामुळें ती कुटून दाबली असतां तिचा घट्ट नमदा बनतो. युरोपांतले बीव्हर टोप्यांपायीं आधींच बहुतेक संपले होते, म्हणून व्यापारी अमेरिकेकडे वळले. या व्यापारासाठीं १६७० सालीं इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानें हडसन्स बे कंपनीला सनद दिली. वाचकांस हा राजा परका नाहीं. लग्नांत आंदण मिळालेलें मुंबई बेट त्यानेंच १६६८ सालीं वार्षिक दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. दोन वर्षांच्या अंतरानें एकाच हातानें एका कंपनीस मुंबई दिली आणि दुसरीस बीव्हरांचें अरण्य!

बीव्हर महाग, म्हणून स्वस्त टोप्या सशाच्या केंसांच्या करीत. पण सशाचे केंस नीट एकजीव होत नाहींत. त्यांवर उपाय म्हणून पारा नत्राम्लांत विरघळवून तें पाणी कातड्यावर घाशीत. त्यानें केंसांच्या टोकांस गाजरासारखा तांबूस रंग येई आणि मग नमदा छान बसे. परंतु पुढें तो नमदा उकळत्या पाण्यांत आणि वाफेंत घडवितांना पाऱ्याची वाफ निघे, आणि कारागीर बंद खोलींत दिवसभर ती हुंगीत. कांहीं वर्षांनीं त्यांचे हात कांपूं लागत, दांत पडत, स्मरणशक्ति जाई. माणूस भित्रा आणि चिडखोर बने. अमेरिकेंत कनेक्टिकट संस्थानांतील डॅनबरी हें टोप्यांचें मोठें गांव. तेथें या रोगाला 'डॅनबरीचा कंप' असेंच नांव पडलें होतें. वेड्या माणसास टोपीवाल्याची उपमा देण्याची जी इंग्रजी म्हण आहे ती यावरूनच निघाली कीं काय, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पण हात कांपत होते याविषयीं मतभेद नाहीं. अमेरिकेंतील टोप्यांच्या धंद्यांत पाऱ्याचा वापर बंद व्हावयास १९४१ साल उजाडावें लागलें. आमच्या नातवाला हें सांगितलें तेव्हां तो गंभीर होऊन म्हणाला, "म्हणजे ससा टोपींत आधींपासूनच होता." आम्हांस त्यावर बोलण्यास कांहीं सुचलें नाहीं.

पुढें १८३० नंतर रेशमाची लव असलेलें काळें कापड मागें पडलेल्या बीव्हराच्या जागीं आलें. हें कापड मुख्यतः फ्रान्समधील लियों शहरीं विणलें जाई. त्यास पारा लागत नसे, आणि त्याची चकाकी अशी कीं, घासूनपुसून ठेविली तर आरशासारखी दिसे. पण रेशीम कांहीं आपल्या बळावर उभें राहत नाहीं. आंतला सांगाडा म्हणजे पातळ सुती कापडाचे थर. त्यांवर लाखेचें रोगण देऊन ते कडक करीत, मग रेशीम चढवून गरम इस्तरी फिरवीत. आणि ही लाख जाई ती प्रामुख्यानें आपल्या हिंदुस्थानांतून, पळस, बोर, कुसुंब या झाडांवरच्या किड्यांनीं केलेली, जंगलांतील गरीब लोकांनीं गोळा केलेली. पांडवांच्या लाक्षागृहाची कथा आपण लहानपणापासून ऐकतों. लंडनच्या लॉर्डांच्या मस्तकावरही एक लहानसें लाक्षागृहच होतें, हें मात्र आम्हांस आतां कळलें.

व्हिक्टोरिया राणीचे पति प्रिन्स अल्बर्ट हे अशी टोपी घालूं लागल्यावर तिला आणखी मान मिळाला. मग ती कोणीं घालावयाची राहिली? १८२९ सालीं लंडनची नवी पोलीस उभी राहिली ती उंच टोपी घालूनच. शिपायाच्या टोपीस आंतून मजबुती दिलेली असे. क्रिकेटचे खेळाडूही ती घालून चेंडू टाकीत, हें त्या काळच्या चित्रांत दिसतें. नाटकगृहांत ती मांडीवर मावेना, म्हणून पॅरिसच्या आंत्वान जिब्यूस यानें आंत कमानी बसवून दाबतांच चपटी होणारी टोपी प्रचारांत आणिली. ती उघडतांना होणाऱ्या आवाजावरून तिला 'क्लाक' म्हणूं लागले. घोड्यावर बसणाऱ्या स्त्रियांनींही जाळीदार बुरख्यासह ती स्वीकारली. जादूगार तर प्रेक्षकांतल्याच एखाद्या गृहस्थाची टोपी मागून घेई. टोपी दुसऱ्याची, तेव्हां तींत लबाडी कोठून असणार, असें लोकांस वाटे. चमत्कार पटण्याचें तेंच कारण. आज जादूगाराला ती स्वतःच आणावी लागते, कारण प्रेक्षकांत ती कोणाकडेच नसते.

जी वस्तु सर्वांनीं घातली ती पुढें न घालणें हा अपराध ठरतो. पार्लमेंटच्या कॉमन्स सभेंत उंच टोपी हा सभासदांचा जवळजवळ गणवेषच झाला होता. १८९२ सालीं स्कॉटलंडच्या कोळशाच्या खाणींत लहानपणापासून राबलेला केअर हार्डी मजुरांच्या वतीनें निवडून आला, आणि सभागृहांत गेला तो साधा लोकरी सूट आणि साधी टोपी घालून. वर्तमानपत्रांत काहूर उठलें. जणूं कांहीं धुराड्याशिवाय घर, तसा उंच टोपीशिवाय सभासद! त्याच निवडणुकींत आपले दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरींतून अवघ्या कांहीं मतांनीं निवडून आले आणि त्यांनीं खोर्देह अवेस्तावर हात ठेवून शपथ घेतली. त्या सभागृहाची जुनी चौकट एकाच वर्षीं दोन बाजूंनीं ढिली झाली. तरीही टोपीनें हार मानिली नाहीं. मतदान चालू असतांना कोणास नियमाचा मुद्दा काढावयाचा असेल तर त्यानें बसून आणि डोकें झांकून बोलावें, असा तेथील दंडक. आणि बहुतेक सर्व सभासद बोडक्यानें येऊं लागल्यावरही त्या कामापुरती एक घडीची उंच टोपी सभागृहांत ठेविलेली असे. स्त्रियांसही ती घालूनच बोलावें लागे. हा प्रकार १९९८ सालीं बंद झाला.

आपल्या देशाशीं या टोपीचा जो संबंध आला त्यांत सर्वांत बोधप्रद गोष्ट गांधीजींची आहे. १८८८ सालीं ते एकोणिसाव्या वर्षीं बॅरिस्टर होण्यास लंडनला गेले, आणि आपण अडाणी दिसूं नये म्हणून त्यांनीं एकोणीस शिलिंग देऊन ही 'चिमणी-पॉट' टोपी विकत घेतली. त्यांनीं आपल्या आत्मकथेंत हें स्वतःच प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे. घरीं आईनें दागिन्यांविना आणि भावानें कर्ज काढून दिवस काढावे अशा वेळची ती खरेदी नसेलही. तथापि परक्या देशांत एकट्या पडलेल्या मुलाला सभ्य ठरण्यासाठीं किती मोल द्यावें लागतें, याचा तो आंकडा आहे. पुढें त्याच माणसानें १९२० च्या सुमारास खादीची पांढरी टोपी देशाच्या डोक्यावर चढविली, जी कोणत्याही घरीं शिवतां येते आणि नळाखालीं धुतां येते. ती घातल्याबद्दल लोकांनीं नोकऱ्या गमावल्या आणि मारही खाल्ला. आणि १९२१ सालच्या सप्टेंबरांत मदुरेस गांधीजींनीं स्वतः तीही टोपी उतरविली, ती कायमची. आज आपल्या खेड्यांतील वृद्धांच्या, वारकऱ्यांच्या आणि मुंबईच्या डबेवाल्यांच्या मस्तकावर त्यांच्या नांवाची टोपी आहे. त्यांच्या स्वतःच्या चित्रांत मात्र बहुधा बोडकें डोकें दिसतें.

उंच टोपीस उतरती कळा लागली ती १९१४ ते १९१८ च्या महायुद्धानंतर. मोटारी ठेंगण्या झाल्या, माणसें घाईचीं झालीं, आणि नरम हॅट सोयीची वाटूं लागली. व्यंगचित्रकारांनीं तर पोट सुटलेल्या भांडवलवाल्यास ती कायमची घालून ठेविली. २ सप्टेंबर १९४५ रोजीं 'मिसूरी' या अमेरिकन युद्धनौकेवर जपानचे परराष्ट्रमंत्री शिगेमित्सु शरणागतीच्या कागदावर सही करण्यास आले ते उंच टोपी घालूनच. सर्वस्व हरलेल्या राष्ट्राच्या प्रतिनिधीनें तेवढी औपचारिक शान सोडली नाहीं. १९६१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी अधिकारग्रहणास ती घेऊन आले, पण भाषणास उठतांना त्यांनीं ती उतरविली होती. आतां ती ॲस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतींत राजघराण्याच्या कक्षांत दिसते, एखाद्या लग्नांत दिसते, आणि लंडनच्या बड्या हॉटेलांच्या द्वारपालांच्या डोक्यावर दिसते. आपल्याकडेही सरदारांचा तुऱ्याचा फेटा शेवटीं हॉटेलच्या दरवानाकडेच आला नाहीं काय? घोड्यांच्या नाचाच्या स्पर्धांत स्वार ती मोठ्या डौलानें घालीत. १ जानेवारी २०२१ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेनें तेथेंही संरक्षक शिरस्त्राण सक्तीचें केलें. डौलापेक्षां डोकें मोलाचें ठरलें. लियोंचें तें रेशमी कापडही आतां विणलें जात नाहीं. ज्यांस अस्सल टोपी पाहिजे ते जुनीच शोधून डागडुजी करून घेतात.

क्रिकेटनें मात्र एक आठवण मागें ठेविली. १८५८ सालीं शेफील्ड येथें स्टीफन्सन नांवाच्या गोलंदाजानें लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, तेव्हां लोकांनीं वर्गणी करून त्याला एक हॅट भेट दिली. त्यावरूनच 'हॅट्‌ट्रिक' शब्द आला असें मानतात. १९८७ सालीं नागपूरच्या मैदानावर चेतन शर्मानें न्यूझीलंडचे तीन त्रिफळे उडवून विश्वचषकांतली पहिली हॅट्‌ट्रिक केली, तेव्हां आमच्या घरांत काकूंसकट सर्वांच्या तोंडीं तो शब्द होता. टोपीची आठवण कोणासही झाली नाहीं.

आतां नातवाच्या प्रश्नाकडे येऊं. इतक्या असंख्य उंच टोप्यांतून एकीपुढें मात्र आजही लोक थबकून उभे राहतात. ती अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांची. तिच्यांत ते महत्त्वाचे कागद ठेवीत असत असें सांगतात. १८६२ सालीं त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली वारला. त्याच्या सुतकाची काळी पट्टी त्यांनीं टोपीस लाविली ती तशीच राहिली. १४ एप्रिल १८६५ रोजीं नाटकगृहांत त्यांना गोळी लागली त्या रात्रीं तीच टोपी त्यांच्याबरोबर होती, आणि ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत आहे. रेशीम तेंच, घडण तीच. बाजारांत तिच्यासारख्या हजारों होत्या. त्या हजारों टोप्यांची मुलांचीं खेळणीं झालीं यांत त्यांचा अपमान नाहीं. त्या कोणाच्या होत्या हें सांगणारें कोणी उरलें नाहीं, एवढेंच. हिची गोष्ट लोकांनीं लक्षांत ठेविली.

हें ध्यानांत आल्यावर आम्ही जरा वरमलों. कारण पणजोबांची पगडी आम्हीं जपली खरी, पण पेटींत बंद करून. ती कोणाची, हें आमच्या नातवास कोणीं सांगितलेंच नव्हतें. मग त्याला ती आणि पुठ्ठ्याची टोपी सारखीच कां वाटूं नये? भाऊबीजेच्या दिवशीं आम्हीं पेटी खालीं काढली. काकूंनीं पगडी मांडीवर घेतली आणि आपल्या सासूबाईंकडून ऐकलेलें सर्व मुलांस सांगितलें: कीं त्यांनीं गांवच्या शाळेंत पस्तीस वर्षें मास्तरकी केली, कीं प्लेगच्या सालीं सारा गांव माळावर झोपड्या बांधून राहिला तेव्हां ते तेथेंही रोज पगडी घालून निघत आणि चिंचेखालीं वर्ग भरवीत, आणि पोरकीं झालेलीं दोन मुलें त्यांनीं आपल्याच पंक्तीला जेवावयास बसविलीं. मुलें निमूटपणें ऐकत होतीं. नातवानें हळूच विचारलें, "मी एकदां घालून पाहूं?" आम्हांस वाटलें, काकू नाहीं म्हणणार. पण त्यांनीं स्वतः ती त्याच्या डोक्यावर ठेविली. ती मोठी होऊन थेट डोळ्यांपर्यंत आली.

"मोठा हो, म्हणजे बसेल," काकू म्हणाल्या. "आणि ससा काढावयाचा असेल तो तुझ्या पुठ्ठ्याच्या टोपांतून काढ."